एका खुर्चीचं वाद्य: हार्वी फिलिप्स आणि ट्युबा

इंडियानाकर

आमच्या धाकटीला सहावीत शाळेच्या बँडसाठी वाद्य निवडायचं होतं. तिच्या आईने मनात बासरी पक्की करून ठेवली होती. पोरगी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "ट्युबा."

बासरी दप्तरात मावते. ट्युबा आमच्या गाडीच्या डिकीतसुद्धा मावत नाही. मागच्या सीटवर आडवा झोपवून, पट्टा लावून आणावा लागतो. तो घरी आल्यापासून एक विशिष्ट सूर लागला की स्वयंपाकघरातल्या मांडणीतली नेमकी एकच ताटली थरथरते. ती ताटली हलवायला बंदी आहे. सूर बरोबर लागला की नाही हे पोरगी त्या ताटलीवरून ओळखते.

ज्यांना ट्युबा म्हणजे काय ते डोळ्यांसमोर येत नाही त्यांच्यासाठी: पितळी वाद्यांतला सगळ्यात खालच्या सुरांचा भोंगा, मांडीवर घेऊन वाजवायचा. १८३५ साली बर्लिनमध्ये वीप्रेख्त नावाचा लष्करी बँडप्रमुख आणि मोरिट्झ नावाचा वाद्य बनवणारा, या दोघांनी त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे व्हायोलिनच्या मानाने कालचं पोर. आमच्या घरी आहे त्या मापाच्या ट्युबाची नळी सरळ केली तर अठरा फूट भरते. एवढी हवा हलवायची, तीही ओठांच्या थरथरीवर.

तर हे वाद्य घरात आल्यावर मी वाचायला बसलो आणि हार्वी फिलिप्स या माणसापाशी अडकलो. आम्ही राहतो तिथून तासाभराच्या अंतरावर ब्लूमिंग्टन आहे. तिथल्या इंडियाना विद्यापीठात हा माणूस १९७१ ते १९९४ ट्युबा शिकवत होता. पण शिकवायला येण्याआधी त्याने जे जे केलं ते वाचून मला धागा काढावासा वाटला.

जन्म १९२९, मिसुरीतलं ऑरोरा नावाचं छोटं गाव. दहा भावंडांतला शेवटचा. मंदीचा काळ. शाळेच्या बँडचे मास्तर पूर्वी सर्कशीत बँड चालवलेले होते. शाळा संपताच पोरगा सर्कशीत. आधी छोट्या, मग थेट रिंगलिंग ब्रदर्स या बड्या अमेरिकी सर्कशीत. तिथल्या बँडचे प्रमुख मर्ल एव्हान्स, एका हातात कॉर्नेट (ट्रंपेटचं आखूड भावंड) धरून ओठाला लावायचे आणि दुसऱ्या हाताने बँड चालवायचे. सर्कशीच्या बँडचं काम आपल्याला वाटतं तसं नसतं. हत्ती काही तालावर नाचत नाही. तो आपल्या चालीने चालतो आणि बँडने त्याच्या पावलाला ताल जुळवायचा. झुल्यावरच्या माणसाचा हात सुटला, घोडा अडला, विदूषकाने वेळ खाल्ला, की एव्हान्सचा हात खाली आणि पुढच्या क्षणी वेगळंच गाणं. दिवसाला दोन खेळ, आगगाडीत झोप, रोज नवं गाव. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला याहून कडक शाळा कुठली मिळाली असती असं मला वाटत नाही.

सर्कशीच्या न्यूयॉर्क मुक्कामात त्याची गाठ विल्यम बेल यांच्याशी पडली. बेल म्हणजे त्या काळातला अमेरिकेतला ट्युबावाल्यांचा वडीलधारा. लष्करी कूचगीतांसाठी गाजलेल्या सूझाच्या बँडमध्ये वाजवलेला, मग वाद्यवृंद संचालक टोस्कानिनींच्या एनबीसी सिंफनीत, मग न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये. त्यांनी या पोराला न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीत विद्यालयात शिकायला आणलं.

पुढची यादी ऐका. न्यूयॉर्क सिटी ऑपेरा आणि बॅलेचा वाद्यवृंद. मधे लष्कराचा फील्ड बँड. जाहिराती आणि रेडिओ-टीव्हीची रेकॉर्डिंग. जॅझ. १९५४ मध्ये न्यूयॉर्क ब्रास क्विंटेट, म्हणजे दोन ट्रंपेट, एक हॉर्न, एक ट्राँबोन, एक ट्युबा अशी पाच जणांची मंडळी, तिचा हा संस्थापक सदस्य. १९६७ ते १९७१ बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत उपाध्यक्ष, आणि कसला, तर आर्थिक कारभाराचा! मग इंडियाना विद्यापीठ, जिथे आधी गुरुजी बेलच शिकवत होते. सत्तरच्या दशकात रिच मॅटिसनबरोबर ट्युबा आणि युफोनियम (ट्युबाचं लहान भावंड) यांच्याभोवती उभारलेला जॅझ ताफा. जानेवारी १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या छोट्या सभागृहात नऊ दिवसांत पाच एकल मैफली. ट्युबाच्या. एकल.

आणि नाताळ. बेल यांचा जन्म २५ डिसेंबर १९०२ चा. ते १९७१ मध्ये गेले. त्यांच्या आठवणीसाठी फिलिप्सने रॉकफेलर सेंटरला फोन करून सांगितलं की तुमच्या बर्फाच्या मैदानावर मला काही शे ट्युबा वाजवायच्या आहेत. पलीकडे बराच वेळ शांतता. मग फिलिप्सने त्या अधिकाऱ्याला आपल्या ओळखीच्या काही जणांचे खाजगी फोन नंबर दिले, म्हणे यांना विचारा मी कोण ते. त्यांत लेनर्ड बर्नस्टाईन आणि स्टोकोवस्की हे नामवंत वाद्यवृंद संचालकही होते असा किस्सा सांगतात. थोड्या वेळाने उलटा फोन आला की हवं ते करा. २२ डिसेंबर १९७४ ला तीनशेच्या आसपास वादक जमले. तेव्हापासून 'ट्युबाख्रिसमस' दर डिसेंबरात गावोगावी होतो. कुणीही आपलं वाद्य घेऊन यायचं, सकाळी तालीम, दुपारी लोकांसाठी फुकट कार्यक्रम.

गेल्या डिसेंबरात आम्ही पोरीला घेऊन गेलो. तिने भोंग्याला बॅटरीवरची दिव्यांची माळ गुंडाळली होती. शेजारच्या खुर्चीवर ऐंशीच्या घरातले एक आजोबा, डोक्यावर लाल टोपी. तालमीत हिचा श्वास एका ओळीच्या मधेच संपत होता. आजोबांनी खिशातून पेन्सिल काढली, हिच्या वहीत दोन जागी स्वल्पविरामासारखी खूण केली आणि म्हणाले, संपल्यावर घेऊ नकोस, संपायच्या आधी घे. ते फिलिप्सचे विद्यार्थी निघाले. पन्नास वर्षांपूर्वी शिकलेले. नोकरी आयुष्यभर विम्याची केली.

इतक्या प्रकारचं काम एका माणसाने केलं ते हौसेपायी की गरजेपायी, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडलाय. म्हणून इथे मांडतोय. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही, चुकलं तर सांगा.

---

ठाणेकरीण

ताटली!! 😂 आमच्याकडे लेक व्हायोलिन वाजवते, तिच्या एका सुराला कुकरची शिट्टी प्रतिसाद देते असं मला वाटायचं, पण ती खरंच कुकरची होती.

लेख फार आवडला. वाचनखूण साठवली.

---

शेवटचा_बाक

प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: गरज. भावनेत जाऊ नका, हिशोब करा. सिंफनी वाद्यवृंदात पहिली-दुसरी व्हायोलिनं मिळून तीसेक. ट्युबा किती? एक. बऱ्याच रचनांत तोही नाही. मोझार्ट-बेथोव्हेनच्या काळी वाद्यच नव्हतं, त्यामुळे त्या रात्री ट्युबावाला घरी.

शिकागो सिंफनीत आर्नल्ड जेकब्स १९४४ ला बसले ते १९८८ ला उठले. त्यांच्यानंतर १९८९ मध्ये जीन पोकॉर्नी, तेही कित्येक दशकं. म्हणजे साठ-सत्तर वर्षांत त्या खुर्चीत दोन माणसं. तुम्ही जगातले उत्तम ट्युबावादक असाल आणि चुकीच्या साली जन्माला आलात तर काय करणार? सर्कस, जाहिरात, लग्न, शिकवणी. अष्टपैलू हा आपण नंतर लावलेला शब्द आहे. त्या वेळी त्याला महिन्याचं भाडं म्हणतात.

---

मंद्रसप्तक

शेवटचा_बाक, हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष अर्धा आहे. भाड्यासाठी माणूस जाहिराती वाजवेल. पण भाड्यासाठी कुणी संगीतकारांच्या मागे लागून आपल्या वाद्यासाठी रचना लिहून घेत नाही. फिलिप्सने आयुष्यभर तेच केलं, आणि माझ्या मते त्याचं मुख्य काम तेच.

एकल ट्युबासाठी म्हणून लिहिलेलं गंभीर संगीत १९५० च्या आधी जवळजवळ नाहीच. वॉन विल्यम्सचा काँचेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद) १९५४ चा, हिंडेमिथचा सोनाटा (ट्युबा आणि पियानो) १९५५ चा. बस. विद्यार्थ्यांना परीक्षेला काय वाजवायला देणार? ट्रंपेटच्या किंवा चेलोच्या गोष्टी खाली ओढून. फिलिप्स ज्याला भेटेल त्याला विचारायचा, माझ्यासाठी लिहितोस का. अ‍ॅलेक वाइल्डर या अमेरिकी संगीतकाराने १९५९ मध्ये सोनाटा लिहिला. पर्सिकेटीने १९६१ मध्ये साथीशिवाय, निव्वळ एकट्या ट्युबासाठी सेरेनाड लिहिली. वाइल्डर तर घरचाच झाला, फिलिप्सच्या तिन्ही मुलांच्या नावाने त्याने एकेक सूट (छोट्या तुकड्यांची मालिका) लिहिलाय. रॉकफेलर सेंटरच्या पहिल्या नाताळाची गाणी ट्युबांसाठी बसवून दिली तीही त्यानेच.

आणि सर्कशीचा धागा इथे परत येतो बघा. वाइल्डरचा ट्युबा आणि पियानोसाठीचा सगळ्यात लाडका सूट एफी नावाच्या हत्तिणीवर आहे. एफी माकडाच्या मागे धावते, प्रेमात पडते, नाचाच्या शिकवणीला जाते, शेवटी अंगाईगीत गाते. ऐका जरूर. ती अंगाई ऐकताना हे वाद्य लष्करासाठी बनवलं होतं यावर विश्वास बसत नाही.

---

इंडियानाकर

मंद्रसप्तक, मनापासून धन्यवाद, हे मला माहीतच नव्हतं. पोरीला काल एफी ऐकवली. माकडाच्या मागे धावण्याचा भाग तिला एवढा आवडला की जेवताना तीन वेळा लावावा लागला. आई म्हणाली हत्तीण पुरे.

---

गावठी_तुतारी

माझा थोडा वेगळा अनुभव. आमच्या गावात (सातारा जिल्हा) लग्नाच्या वरातीत बँड असायचा. क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम, मोठा ढोल, साईड ड्रम, आणि सगळ्यात मागे एक माणूस अंगाभोवती गुंडाळलेला मोठा भोंगा घेऊन. भोंग्याचं तोंड डोक्याच्या वर, त्यावर बँडचं नाव रंगवलेलं. ते हेच वाद्य का?

आम्हा पोरांची खात्री होती की तो माणूस वाजवत नाही, नुसता गाल फुगवतो.

---

मंद्रसप्तक

गावठी_तुतारी, जवळचा नातेवाईक. त्याला सूझाफोन म्हणतात. मांडीवरचा ट्युबा घेऊन चालता येत नाही म्हणून सूझाच्या सांगण्यावरून १८९३ च्या सुमारास अमेरिकेत बनवला. नळीची लांबी साधारण तेवढीच, फक्त वजन खांद्यावर. फिलिप्सची शाळेत सुरुवात सूझाफोनवरच झाली.

भोंगा नुसता शोभेला असणं हा प्रकार मीही पाहिलाय. पण सगळ्यांना त्याच पंगतीला बसवू नका, काही वाजवणारे असतात.

---

निवांत_नाना

सर्कशीचा विषय निघाला म्हणून अवांतर. मर्ल एव्हान्स यांचं नाव मी वेगळ्याच संदर्भात वाचलं होतं. ६ जुलै १९४४, हार्टफर्ड, कनेक्टिकट. खेळ चालू असताना रिंगलिंगच्या मुख्य तंबूला आग लागली. कापडाला पाणी धरू नये म्हणून मेण आणि पेट्रोल चोपडलेलं, त्यामुळे काही मिनिटांत तंबू खाली आला. दीडशेच्या वर माणसं गेली, त्यांत मुलं फार. आग पहिल्यांदा दिसली तेव्हा एव्हान्सने बँडला एकदम सूझाची एक कूच वाजवायला लावली. सर्कसवाल्यांत ती कूच एरवी कधी वाजवत नाहीत, ती वाजली की आतल्या प्रत्येक माणसाला कळतं की काहीतरी भयंकर झालंय. प्रेक्षकांना कळत नाही, कामगारांना कळतं. तंबू पेटलेला असताना बँड शेवटपर्यंत वाजवत राहिला.

तुमचा फिलिप्स तिथे तीन-चार वर्षांनी आला. पण या माणसाच्या हाताखाली शिकला म्हणजे काय शिकला असेल ते लक्षात येतं.

---

ठाणेकरीण

नाना, अंगावर काटा आला.

---

पल्मो_पुणे

पेशाने छातीच्या आजारांची डॉक्टर आहे, त्यामुळे शेवटचा_बाक यांनी जेकब्स यांचं नाव घेतलं आणि मला राहवलं नाही. फिलिप्सबद्दल आदर आहेच, पण शिक्षक म्हणून माझं मत जेकब्सना.

या माणसाला दमा होता. फुफ्फुसांची क्षमता त्याच्या वयाच्या नि उंचीच्या माणसात असायला हवी त्याहून बरीच कमी. आणि वाद्य निवडलं ते, ज्याला सगळ्यात जास्त हवा लागते! ओबो किंवा ट्रंपेटला हवा थोडी आणि दाब जास्त लागतो. ट्युबाला उलट: दाब कमी, पण हवा बादलीने. खालचा सूर जोरात लावला तर भरलेली छाती काही सेकंदांत रिकामी. त्यामुळे जेकब्सना श्वासाचा अभ्यास करावाच लागला. शरीरशास्त्राची पुस्तकं वाचली, दवाखान्यातली श्वास मोजायची यंत्रं गोळा केली. शिकागोत मिशिगन अव्हेन्यूवरच्या फाइन आर्ट्स बिल्डिंगमध्ये त्यांची खोली होती, ती शिकवणीची कमी आणि प्रयोगशाळेची जास्त. तिथे ट्युबावालेच नाही, ट्रंपेट, हॉर्न, बासरी, गायक, सगळे यायचे.

बायपासच्या ऑपरेशननंतर आपल्याकडे पेशंटच्या हातात तीन रंगीत गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र देतात ना, श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या? त्याच जातीची यंत्रं ते विद्यार्थ्यांना द्यायचे. कारण मजेशीर आहे. विद्यार्थ्याला नुसतं सांगितलं की पोट असं घे, छाती तशी फुगव, तर तो आखडतो. गोळी वर न्यायला सांगितली की शरीर आपलं आपण बरोबर करतं. मी माझ्या पेशंटना नेमकं हेच सांगते: स्नायूंकडे नका बघू, गोळीकडे बघा.

त्यांचं ब्रीदवाक्य दोन शब्दांचं: गाणं आणि वारा. डोक्यात गाणं चालू ठेवायचं, हवा सोडत राहायचं, मधल्या यंत्रणेत नाक खुपसायचं नाही.

---

मंद्रसप्तक

डॉक्टरताई, जबरदस्त प्रतिसाद. मी खर्ज साधनेला बसतो तेव्हा आमचे गुरुजीही गळ्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. सा ऐक आणि सा हो, एवढंच. आठ वर्षं झाली, अजून होतोय.

---

शेवटचा_बाक

ताई, मान्य. पण बघा, तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध करताय. जेकब्सना खुर्ची मिळाली, चव्वेचाळीस वर्षं पगार मिळाला, म्हणून एका खोलीत बसून श्वासाचा अभ्यास करता आला. फिलिप्सला खुर्ची नव्हती.

---

पल्मो_पुणे

खुर्ची नव्हती की नको होती? ज्याला हवी असते तो परीक्षा देत राहतो. हा पाच जणांची मंडळी काढून शाळा-शाळांत वाजवत फिरला. माल्कम आर्नल्डचा ब्रास क्विंटेट १९६१ चा, आज जगभर वाजतो, तो या मंडळीसाठी लिहिलेला आहे. ज्याने आपल्याला वाजवायला गोष्टीच नाहीत म्हणून त्या तयार करवून घेतल्या त्याला खुर्ची म्हणजे बांधून घातल्यासारखं वाटलं असतं. (हा अंदाज माझा, शास्त्रीय पुरावा मागू नये.)

---

रीळ_नंबर_तीन

सिनेमावाला आहे म्हणून माझी भर. खुर्चीचा तिसरा पर्याय: लॉस एंजेलिसचा स्टुडिओ. टॉमी जॉन्सन. शार्कच्या त्या १९७५ च्या 'जॉज' सिनेमात ते दोन सूर येतात ना, ते चेलो-डबलबासचे. पण त्यांच्यावर जी धून येते, उंच, थोडी बुजरी, हॉर्नसारखी वाटणारी, ती ट्युबावर वाजवलीय आणि वाजवणारा टॉमी जॉन्सन. लोकांना वाटतं ट्युबा म्हणजे ढब-ढब. त्या सुरांची उंची बघा एकदा. त्याच सिनेमाचा संगीतकार जॉन विल्यम्स, त्यानेच दोन वर्षांनी 'क्लोज एन्काउंटर्स' या परग्रहवासीयांच्या सिनेमात त्या अवाढव्य यानाचा 'आवाज' ट्युबाला दिला, तो जिम सेल्फने वाजवला. हे दोघंही आयुष्यभर स्टुडिओत वाजवत आणि विद्यापीठात शिकवत राहिले.

यावरून एक लक्षात येतं. ट्युबावाला कुठलाही घ्या, तो शिकवतोच.

---

शेवटचा_बाक

कारण भाडं. 😀

---

ठाणेकरीण

बाक दादा, तुम्ही घरमालक आहात का हो?

---

इंडियानाकर

🙏 सगळ्यांचे आभार, धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं.

पोरीने एक प्रश्न विचारलाय: मुली ट्युबा वाजवतात का, की मी एकटीच? तिच्या वर्गात चार ट्युबा आहेत, बाकी तिघं मुलगे. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

---

मंद्रसप्तक

तिला कॅरल जँच हे नाव सांगा. २००६ मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राची मुख्य ट्युबावादक झाली तेव्हा वय वीस, मिशिगन विद्यापीठात शेवटचं वर्ष चालू होतं. अमेरिकेतल्या मोठ्या सिंफनी वाद्यवृंदात त्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई. तीही शिकवते. (शेवटचा_बाक, गप्प बसा.)

आणि सहज सांगतो, अशा निवडीच्या निदान सुरुवातीच्या फेऱ्या बहुतेक ठिकाणी पडद्याआडून होतात. ऐकणाऱ्यांना कोण वाजवतंय ते दिसत नाही.

---

वाट_चुकलेला_फौजी

उशिरा आलो धाग्यावर. वडील लष्कराच्या बँडमध्ये होते, ट्युबावरच. पचमढीला शिकले. आमच्याकडे या गोष्टी कुणी विचारत नाही म्हणून दोन ओळी.

वडील सांगायचे, परेडला ट्रंपेट चुकला तर सगळ्यांना ऐकू जातं आणि कुणाचं काही अडत नाही. ट्युबा चुकला तर कुणालाच ऐकू येत नाही, पण पलटणीचं पाऊल चुकतं. माणसं बघतात एकमेकांकडे, काय झालं ते कळत नाही. त्यामुळे त्यांना शाबासकी कधी मिळाली नाही आणि शिव्या भरपूर मिळाल्या.

निवृत्तीनंतर घरी वाद्य नव्हतंच, ते सरकारी. माउथपीस तेवढा स्वतःचा. रोज सकाळी चहाच्या आधी नुसत्या माउथपीसवर दहा मिनिटं सराव. माशी घोंघावते तसा आवाज. शेवटच्या आजारपणात ओठ साथ देईनात तेव्हा तो खिशात ठेवायचे. अजून आहे माझ्याकडे, चांदीचा मुलामा उडालाय, कडेला पितळ दिसतं.

---

इंडियानाकर

फौजी दादा, काय लिहू. पोरीला वाचून दाखवलं, मराठी समजते तिला. तिने उठून स्वतःचा माउथपीस धुऊन आणला. तीन आठवडे सांगत होतो.

---

पल्मो_पुणे

धुण्याबद्दल: कोमट पाणी आणि साबण, आठवड्यातून एकदा, नळीसुद्धा. आत जे जमतं त्याने छातीचा संसर्ग झालेले वादक वैद्यकीय नियतकालिकांत वाचलेत. आणि खटक्यातून जमिनीवर जे पाणी काढतात त्यातलं बरंचसं थुंकी नसून श्वासातली वाफ थंड होऊन झालेलं पाणी असतं. तरी गालिच्यावर नको.

---

इंडियानाकर

गालिच्यावरच चाललंय डॉक्टरताई. आता जुना टॉवेल ठेवला आहे.

---

गावठी_तुतारी

मंडळी, आठवड्याने परत आलो ते कारणाने. मंद्रसप्तक यांचं 'सगळ्यांना त्याच पंगतीला बसवू नका' मनाला लागलं होतं. रविवारी गावी गेलो होतो. तो भोंगेवाला माणूस अजून आहे, सत्त्याहत्तर वर्षांचा, पारावर बसतो. सरळ जाऊन विचारलं, काका, तुम्ही खरंच वाजवायचा का?

आधी शिवी दिली. मग म्हणाले, बँडमालकाने वाद्य जुनंच आणलं होतं, तिन्ही खटके गंजून बसलेले. ते दाबलेच जायचे नाहीत. पण फुंकून फुंकून त्यांच्या लक्षात आलं की खटक्याला हात न लावता नुसत्या ओठावर खाली सा निघतो, त्यावर प निघतो, त्यावर पुन्हा सा. "तेवढ्या तीन सुरांवर बावीस वर्षं वराती काढल्या," म्हणाले.

---

मंद्रसप्तक

अरे!!! हे शंभर टक्के खरं असणार. कुठलीही मोकळी नळी फुंकली की तेच सूर त्याच क्रमाने निघतात, बिगुल त्यावरच चालतो. आणि वरातीच्या गाण्याला खालून सा-प मिळाला तर अजून काय पाहिजे, तंबोरा तेच करतो. काकांना माझा साष्टांग नमस्कार सांगा.

पण एक विचारा. गाणं दुसऱ्या पट्टीत असेल तेव्हा काय करायचे?

---

गावठी_तुतारी

ते मीही विचारलं होतं.

म्हणाले, "मी कशाला काय करीन? क्लॅरिनेटवाला माझा मेव्हणा. त्याला सांगितलेलं, माझ्या पट्टीत वाजव, नाहीतर बहीण माहेरी पाठवीन."